‘काय, डाएट चालू आहे वाटतं?’

२००५ सालचा आमच्या मंडळाचा गणेशोत्सव मला आठवतो तो जेवणाच्या रांगेमुळे. एमएस संपवून मी नुकताच नोकरीला लागलो होतो, लग्न व्हायचं होतं, आणि दहा डॉलरांत वरण-भात, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि मोदक मिळणार असतील तर दीड तास गाडी हाकायची माझी तयारी असे. गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात बसला होता. माझ्या पुढे पन्नाशीचे एक काका उभे होते. वाढणाऱ्या एका काकूंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, “काय हो, डाएट चालू आहे वाटतं? गाल पार बसलेत की! जरा आमच्या ह्यांनाही सांगा काहीतरी, पोट बघा कसं सुटलंय ते.” काका हसून म्हणाले, “अहो, पोट माझंही आहेच. शर्टाखाली लपलंय इतकंच.” सगळे हसले. मीही हसलो.

त्या विनोदात पंचवीस वर्षांचं वैद्यकशास्त्र होतं, हे मला कळायला सात वर्षं जावी लागली.

हे काका म्हणजे पुढे माझे फार जवळचे स्नेही झाले. त्यांचं नाव, गाव, व्यवसाय इथे लिहिणार नाही. हा लेख त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी दोन वाक्यं खोडायला लावली, ती खोडली आहेत. बाकीचं छापायला त्यांची हरकत नाही. २०१२ साली एका शनिवारी त्यांनी मला घरी बोलावलं आणि बुटांचं एक जुनं खोकं पुढ्यात ठेवलं. आत रक्ततपासणीचे कागद होते, १९९४ पासूनचे. डॉक्टर बदलले होते, नव्या डॉक्टरांना सगळा इतिहास एकत्र हवा होता. “तू आयटीवाला ना? हे एक्सेलमध्ये घालून दे,” ते म्हणाले. पहिल्याच कागदावर लिहिलं होतं, एचआयव्ही पॉझिटिव्ह.

खोटं कशाला सांगू? आदल्याच आठवड्यात काकांनी माझ्या दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या ताटातलं श्रीखंड भरवलं होतं. माझ्या मनात पहिला विचार तो आला. मास्टर्स झालेला, रोज पेपर वाचणारा माणूस मी. जेवणातून, स्पर्शातून हा विषाणू पसरत नाही हे मला पाठ होतं. शिवाय २०११ सालीच एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती, तिच्यात १,७६३ जोडपी होती आणि तिच्या केंद्रांमध्ये आपलं पुणेही होतं. लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं, असं तिच्यातून दिसलं होतं. तरी तो विचार आलाच. काकांनी तो माझ्या चेहऱ्यावर वाचला असणार, पण ते चहा टाकायला आत गेले. लागण कशी झाली हे मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. रक्तातल्या साखरेचा दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट बघताना आपण असं विचारतो का?

तर ते खोकं मी महिनाभर उपसत होतो. एकेक रकाना भरताना मला जे प्रश्न पडले, त्यांची उत्तरं शोधता शोधता हा इतिहास हाती लागला.

सुरुवातीचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला. भारतातली पहिली नोंद १९८६ ची, चेन्नईची. ती करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या. त्या अमेरिकेतही काम करून परत गेल्या होत्या. आपल्या मंडळांच्या ‘मराठी पाऊल पडते पुढे’ छापाच्या भाषणांत त्यांचं नाव मी कधी ऐकलेलं नाही, म्हणून इथे मुद्दाम घातलं.

पहिलं औषध एझेडटी. ते १९६४ मध्ये डेट्रॉइटमध्ये जेरोम होरविट्झ यांनी कॅन्सरसाठी बनवलं होतं. उंदरांवर चाललं नाही म्हणून फडताळात गेलं. मार्च १९८७ मध्ये एफडीएनं एड्ससाठी त्याला परवानगी दिली तेव्हा वर्षाचा खर्च आठ ते दहा हजार डॉलर होता. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ‘अॅक्ट अप’ ही संघटना उभी राहिली आणि १९८९ च्या सप्टेंबरात तिचे कार्यकर्ते थेट शेअरबाजारात घुसले. काही दिवसांतच किंमत २० टक्क्यांनी उतरली. पाठोपाठ त्याच कुळातली आणखी औषधं आली. १९९४ मध्ये स्टॅव्हुडिन आलं. हे नाव लक्षात ठेवा. हेही मूळचं होरविट्झ यांचंच, पण विषाणूविरुद्ध त्याचा उपयोग दाखवला तो येल विद्यापीठातल्या विल्यम प्रुसॉफ आणि ताइ-शुन लिन यांनी. एकेकटी दिली की ही सगळी औषधं थोडे दिवस चालत, मग विषाणू त्यांना दाद देईनासा होई. काकांच्या खोक्यातले १९९४ आणि ९५ चे कागद म्हणजे एक उतरंड आहे. दर तीन महिन्यांनी पांढऱ्या पेशींचा आकडा खाली. काकांनी तेव्हा मृत्युपत्र केलं होतं.

मग १९९६ उजाडलं. डिसेंबर १९९५ मध्ये सॅक्विनाव्हिर आणि १९९६ च्या मार्चमध्ये रिटोनाव्हिर व इंडिनाव्हिर अशी प्रोटीएज इन्हिबिटर या नव्या कुळातली तीन औषधं चार महिन्यांत बाजारात आली. इंडिनाव्हिरला एफडीएनं अवघ्या ४२ दिवसांत मान्यता दिली. जुलैमध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र देण्याचे निष्कर्ष जाहीर झाले, आणि वर्षअखेरीला टाइम साप्ताहिकानं डॉ. डेव्हिड हो यांना ‘मॅन ऑफ द इयर’ केलं. १९९७ मध्ये अमेरिकेतला एचआयव्हीचा मृत्युदर एका वर्षात ४७ टक्क्यांनी घसरला. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामावर गेली. मरणार म्हणून ज्यांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गुंतवणूकदारांना विकून टाकल्या होत्या, ते जगले. त्या पॉलिसी विकत घेणाऱ्यांचा धंदा बसला. धंदा बुडाल्याचा एवढा आनंद दुसऱ्या कुठल्या प्रसंगी झाला असेल असं मला वाटत नाही.

एक्सेलमध्येही हे लख्ख दिसतं. पांढऱ्या पेशींची रेघ १९९६ च्या शेवटी वळते आणि चढत जाते. काका इंडिनाव्हिर, स्टॅव्हुडिन आणि लॅमिव्हुडिन घेत होते. इंडिनाव्हिर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, वर भरपूर पाणी, नाहीतर मूतखडे. काकांनी मनगटी घड्याळात गजर लावला होता. एकदा मंडळाच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात तो वाजला आणि रंगमंचावरच्या नटानं थांबून प्रेक्षकांकडे बघितलं. काका ही हकिगत अजून रंगवून सांगतात.

पण त्याच एक्सेलमध्ये दोन रकाने पुढे ट्रायग्लिसराइड आहे, आणि तीही रेघ चढते.

जून १९९७ मध्ये एफडीएनं डॉक्टरांना सूचना पाठवली की नव्या औषधांवरच्या काही रुग्णांना मधुमेह होतोय किंवा असलेला बळावतोय. १९९८ मध्ये लॅन्सेट साप्ताहिकात एकामागून एक पत्रं आली. कुणाच्या मानेमागे वशिंड आलं होतं. कुणाचं पोट पुढे आलं होतं, पण कातडीखाली चरबी चिमटीत सापडत नव्हती, सगळी आत, आतड्यांभोवती. मिनेसोटातल्या डॉक्टरांनी दोन तरुण रुग्णांच्या हृदयाच्या धमन्या तुंबल्याचं कळवलं. सिडनीत अँड्र्यू कार आणि डेव्हिड कूपर यांनी या सगळ्याला एकत्र बांधून एक लक्षणसमूह मांडला. त्यात हातपाय व चेहऱ्यावरची चरबी जाणं, रक्तातली चरबी वाढणं आणि इन्सुलिनला शरीरानं न जुमानणं हे तिन्ही होतं. नाव पडलं लिपोडिस्ट्रॉफी. रुग्णांनी आधीच आपली नावं ठेवली होती. इंडिनाव्हिरच्या बाजारी नावावरून ‘क्रिक्स बेली’, आणि वशिंडाला ‘बफेलो हंप’.

हे आधी कसं कळलं नाही, असं कुणीही विचारेल. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग पुरतं न करता सॉफ्टवेअर प्रॉडक्शनमध्ये टाकलं होतं. चाचण्या काही महिन्यांच्या होत्या आणि त्यांत बघितलं जाई ते विषाणूचं प्रमाण आणि पांढऱ्या पेशी. गाल बसायला वर्ष-दोन वर्षं लागतात. मला विचाराल तर निर्णय बरोबर होता. घराला आग लागलेली असताना पाण्याच्या बंबाचा जमाखर्च कुणी मागत नाही. मात्र त्यानंतर काही वर्षं रुग्णांच्या तक्रारी ‘जिवंत आहात ना, मग झालं’ अशा सुरात उडवल्या गेल्या, ते बरोबर नव्हतं. काकांना एका डॉक्टरांनी वजनाचा तक्ता दाखवून सांगितलं होतं, “तुमचं वजन उत्तम आहे.” वजन उत्तमच होतं. चरबी फक्त पायातून निघून पोटात गेली होती.

सुरुवातीला सगळा दोष प्रोटीएज इन्हिबिटरवर टाकला गेला, आणि त्यात तथ्य होतं. २००० साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दिसलं की ही औषधं पेशीत साखर आत नेणारं दारच अडवतात. दार उघडलं नाही की साखर रक्तात साचते. पण ही औषधं न घेणाऱ्यांचेही गाल बसत होते. तिथे गुन्हेगार निघालं ते स्टॅव्हुडिन, आणि थोड्या प्रमाणात जुनं एझेडटी. ही औषधं विषाणूला खोटी वीट पुरवतात. भिंत रचताना ती खोटी वीट बसली की पुढचं बांधकाम थांबतं. दुर्दैव असं, की आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि त्याची नक्कल करणारा गवंडीही याच खोट्या विटेला फसतो. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीची चूल. चूल विझली की चरबीची पेशी मरते. गाल, नितंब, पिंढऱ्या रिकाम्या होतात, हाताच्या शिरा दोरासारख्या दिसू लागतात. सॅन फ्रान्सिस्कोचे कार्ल ग्रुनफेल्ड यांच्या मोठ्या अभ्यासानं २००५ च्या सुमारास दाखवलं की गाल बसणं आणि पोट वाढणं हा एकच आजार नव्हे. ग्रुनफेल्ड यांनी तर १९९० च्या आसपासच, ही औषधं यायच्या आधी, एड्सच्या रुग्णांत ट्रायग्लिसराइड वाढतं हे दाखवून दिलं होतं. म्हणजे थोडा वाटा विषाणूचाही.

इथे काकांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ते म्हणाले, “सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात मी फिरलो असतो तर माझ्या गालांवरून रस्त्यावरच्या कुणीही ओळखलं असतं. म्हणून मी मंडळात यायचो. इथे सगळे म्हणायचे, डाएट!” आपल्या समाजाला या आजाराबद्दल काहीच माहीत नव्हतं, तोच त्यांचा आडोसा होता. बाहेर कितीतरी लोकांनी त्या काळात चेहऱ्यापायी गोळ्या बंद केल्या. काकांनी केल्या नाहीत.

गोळ्या बंद करून शरीराला विश्रांती द्यावी, असं डॉक्टरांनाही वाटू लागलं होतं. त्याला कारण होतं. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या २३,४६८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचाराच्या पहिल्या चार ते सहा वर्षांत दरवर्षी हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सरासरी २६ टक्क्यांनी वाढत होता. मूळ धोका लहान होता हे खरं, पण आकडा भीतिदायक. म्हणून ५,४७२ रुग्णांवर चाचणी घेतली गेली: निम्म्यांना सलग औषध, निम्म्यांना पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तोवर सुट्टी. जानेवारी २००६ मध्ये ती अर्ध्यातच थांबवावी लागली. सुट्टीवाल्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि गंमत म्हणजे हृदयविकारही जास्त. मोकळा सुटलेला विषाणू औषधापेक्षा धमन्यांना जास्त त्रास देत होता. तेव्हापासून प्रश्न बदलला. औषध घ्यायचंच, कुठलं ते नीट निवडायचं. काकांचं स्टॅव्हुडिन त्याआधीच बंद झालं होतं. कोलेस्टेरॉलच्या गोळीचीही कसरत होती, कारण सिम्वास्टॅटिनसारखी गोळी रिटोनाव्हिरबरोबर घेतली तर रक्तात तिचं प्रमाण भलतंच वाढून स्नायूंना इजा होते. २००९ मध्ये काकांना स्टेंट बसला. मंडळात सांगितलं, “हार्टचं झालं.” ते सांगायला सोपं होतं. आपल्याकडे हार्टला प्रतिष्ठा आहे.

आता मुंबईकडे वळतो. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला देऊ केला, म्हणजे दिवसाला एक डॉलरही नाही. पाश्चात्त्य कंपन्यांचा दर तेव्हा दहा हजारांच्या आसपास होता. जगभरच्या गरीब देशांतला उपचार त्या एका पत्त्यावरून सुरू झाला असं म्हटलं तरी चालेल, आणि मुंबईनं त्याचा अभिमान बाळगावा. पण त्या तीनांतलं एक औषध स्टॅव्हुडिन होतं. १ एप्रिल २००४ ला भारत सरकारनं मोफत उपचार सुरू केले, पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं, आणि तिथेही हेच तीन. अमेरिकेतले डॉक्टर तोवर स्टॅव्हुडिन सोडू लागले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं ते टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं ते २००९ च्या नोव्हेंबरात. मधली वर्षं मोजा. जीव वाचला त्याची किंमत सांगली-सोलापूरकडच्या एखाद्या बाईनं चेहऱ्यानं मोजली असेल, आणि तिच्या गावात ‘डाएट करतेस का’ असं विचारणारं कुणी नव्हतं. तिचा चेहरा गावाला बरोबर वाचता येत होता. तरीही २००१ मध्ये माझ्या हातात निर्णय असता तर मी हेच औषध पाठवलं असतं.

इमिग्रेशनचा मुद्दाही सांगतो, कारण तो आपल्या सगळ्यांना लागू होता. १९८७ पासून एचआयव्ही हा अमेरिकेत प्रवेश नाकारण्याच्या रोगांच्या यादीत होता आणि ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत त्याची चाचणी होई. ४ जानेवारी २०१० ला हे थांबलं. माझी तपासणी २००८ ची. दंडातून रक्त काढलं, कशासाठी हे मी विचारलंही नाही. काकांचं ग्रीन कार्ड सत्तरच्या दशकाच्या शेवटचं होतं, म्हणून ते वाचले.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा धागा सापडला तो पुण्यात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक छोटा लेख जानेवारी २००४ च्या लॅन्सेटमध्ये आहे, शेजारी दोघांचा फोटो. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीदार, ही आपली भारतीय ठेवण, आणि ती जन्मापासूनची, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवर दाखवून दिलं. चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते यावर मधुमेह अवलंबून असतो, हा धडा एचआयव्हीच्या डॉक्टरांनी औषधांपायी शिकला आणि पुण्याच्या डॉक्टरांनी तान्ह्या बाळांकडून. काकांच्या बाबतीत दोन्ही एकत्र आलं होतं. वजनाचा तक्ता दाखवणाऱ्या त्या डॉक्टरांनी हा लेख वाचला असता तर!

उपायही हळूहळू आले. ऑगस्ट २००४ मध्ये गालात टोचायच्या एका भरावाला या रुग्णांसाठी परवानगी मिळाली. काकांनी पदरचे पैसे घालून २००६ मध्ये ते करून घेतलं. मेडिकेअरनं असा खर्च द्यायला सुरुवात केली ती २०१० मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात आतल्या पोटावरची चरबी कमी करणारं टेसामोरेलिन हे इंजेक्शन आलं. आताची औषधं फार सौम्य आहेत, बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. तरी डोल्युटेग्राव्हिरसारख्या नव्या गोळ्यांवर अनेकांचं, विशेषतः स्त्रियांचं, वजन वाढतं हे २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत दिसलं. म्हणजे हे प्रकरण संपलेलं नाही. २०२३ च्या जुलैमध्ये मात्र चांगली बातमी आली. भारतासह १२ देशांतल्या ७,७६९ जणांवरच्या चाचणीत पिटाव्हास्टॅटिन या साध्या गोळीनं हृदयविकार, पक्षाघात वगैरेंचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी केलं. बोस्टनच्या स्टीव्हन ग्रिनस्पून यांनी ती चालवली, जे नव्वदच्या दशकापासून याच प्रश्नामागे आहेत.

गालात भराव घातल्यानंतरच्या दिवाळीला त्याच काकू भेटल्या. म्हणाल्या, “डाएट सोडलंत वाटतं! बरं दिसतंय.” काकांनी त्यांच्याकडून चकल्या मागून घेतल्या.

आता काका सत्तरी ओलांडून गेले आहेत. एक्सेलची फाईल मी दर सहा महिन्यांनी अजून भरतो. विषाणूच्या रकान्यात कित्येक वर्षं ‘सापडला नाही’ एवढंच लिहावं लागतं, बाकी सगळी गडबड साखर, कोलेस्टेरॉल आणि किडनीच्या रकान्यांत. मागच्या वर्षी त्यांनीच विचारलं, “तुझा रिपोर्ट कुठाय?” माझं एवनसी ६.१ निघालं. त्यांनी फाईलमध्ये माझ्या नावाचं एक पान उघडायला लावलं.

गेल्या गणपतीत आम्ही दोघं रांगेत एकामागे एक होतो. मोदक वाढायला आता माझी मुलगी उभी होती. काकांनी एकच घेतला, मीही एकच. मागून कुणीतरी विचारलं, “काय हो, डाएट का?”

“मी नाही,” काका म्हणाले, “ह्याला विचारा.” आणि माझ्या ताटातल्या मोदकावरचं तूप त्यांनी चमच्यानं काढून घेतलं.